पाच वर्षांचा हिशेब

एकाच माणसाच्या चार जन्मतारखा आपल्यापुढे आहेत. १९१८ साली भरलेल्या अमेरिकी सैन्यभरतीच्या नोंदणीपत्रावर १३ सप्टेंबर १८८४. तो स्वतः आणि त्याच्या सावत्र बहिणी सांगत आल्या ती २० सप्टेंबर १८८५. १९४१ साली लॉस एंजेलिसला तो वारला, तेव्हाच्या मृत्युदाखल्यावर २० सप्टेंबर १८८९. आणि १९८४ मध्ये काढलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर २० ऑक्टोबर १८९०.

माणूस होता फर्डिनंड जोसेफ लामोथ. जगाला तो माहीत आहे जेली रोल मॉर्टन या नावाने: न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक आणि जॅझमधला पहिला मोठा रचनाकार. जन्मसालाच्या या घोळाकडे चरित्रातला किरकोळ तपशील म्हणून पाहता आले असते. पण जॅझ आपण १९०२ साली निर्माण केला, असा मॉर्टनचा दावा होता. १८८५ धरले तर १९०२ मध्ये तो १७ वर्षांचा तरुण ठरतो. १८९० धरले तर जेमतेम ११-१२ वर्षांचा पोर. म्हणजे या पाच वर्षांवर एका संगीतप्रकाराच्या उगमाची साक्ष टिकते किंवा कोसळते.

दाव्याचा मूळ कागद आधी पाहू. मार्च १९३८ मध्ये रॉबर्ट रिप्ली यांच्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात डब्ल्यू. सी. हँडी यांची ओळख जॅझ आणि ब्लूजचे जनक अशी करून दिली गेली. मॉर्टन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये एका साध्या क्लबात पियानो वाजवत होता. व्हिक्टर कंपनीने १९३० नंतर त्याच्याशी करार केला नव्हता. त्याच्या ‘किंग पोर्टर स्टॉम्प’वर १९३५ मध्ये बेनी गुडमनचा वाद्यवृंद देशभर गाजला होता आणि मूळ रचनाकार जवळपास विस्मृतीत गेला होता. त्याने रिप्लींना लांबलचक पत्र लिहिले. ‘डाउन बीट’ मासिकाने ते ऑगस्ट आणि सप्टेंबर १९३८ च्या अंकांत छापले. न्यू ऑर्लिन्स हीच जॅझची जन्मभूमी आणि त्याचा निर्माता मी, साल १९०२, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हँडींनीही त्याच मासिकातून उत्तर दिले.

हे पत्र अस्सल आहे, यात शंका नाही. पण ते भांडणातले पत्र आहे. ज्या सालाबद्दल ते बोलते त्याच्या ३६ वर्षांनंतरचे आहे आणि ज्याचा फायदा होणार त्यानेच लिहिलेले आहे. १९०२ सालचा पुरावा म्हणून त्याची किंमत थोडी. १९३८ मध्ये मॉर्टन स्वतःबद्दल काय सांगत होता याचा पुरावा म्हणून मात्र ते अव्वल दर्जाचे.

त्याच वर्षी दुसरे, फार मोठे साधन तयार झाले. २३ मे १९३८ रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कूलिज सभागृहात मॉर्टन पियानोशी बसला. समोर अॅलन लोमॅक्स होता, २३ वर्षांचा लोकगीत-संग्राहक, आणि त्याच्याजवळ तबकड्या कोरणारे यंत्र. जूनमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये या बैठका झाल्या. मॉर्टन बोलता बोलता वाजवत राहिला. बालपण, पणजी, प्रेतयात्रांमागचे बँड, जुगारी, पियानोवाले, कोण कसे वाजवी, कोण कसा चाले, हे सारे पियानोच्या पट्ट्यांवरून हात न काढता त्याने सांगितले. एखाद्या संगीतकाराने स्वतःची आणि आपल्या गावाची हकीकत वाद्यासह इतकी तपशीलवार सांगितल्याचे त्या काळातले दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मराठी वाचकाला या साधनाची जात लगेच ओळखता येईल. ही बखर आहे. घटनांनंतर दशकांनी, कुणीतरी विचारले म्हणून, स्मरणातून सांगितलेली. प्रसंग जिवंत, माणसे ठसठशीत, आणि साले बेभरवशाची. बखरीला इतिहासकार फेकून देत नाही. तिच्याशेजारी समकालीन कागद ठेवतो आणि कुठे जुळते, कुठे फाटते ते पाहतो. मॉर्टनच्या बखरीचे तसेच करायला हवे.

त्याआधी एक खबरदारी. १९५० मध्ये लोमॅक्सने या मुलाखतींवरून ‘मिस्टर जेली रोल’ हे पुस्तक केले. अनेक दशके लोक मॉर्टनचे म्हणून जे शब्द उद्धृत करत होते ते बहुधा याच पुस्तकातले. पण पुस्तक संपादित आहे. प्रसंगांचा क्रम लोमॅक्सने लावला आहे आणि इतरांच्या मुलाखतीही त्यात विणल्या आहेत. तबकड्यांवरचे ध्वनिमुद्रण संपूर्ण स्वरूपात बाजारात आले ते २००५ मध्ये. ज्याला बखर तपासायची त्याने पुस्तकापेक्षा तबकड्यांना कान लावावा. विशेषतः मॉर्टन जिथे अडखळतो, साल सांगताना ‘सुमारे’ म्हणतो, त्या जागा पुस्तकात गुळगुळीत होऊन येतात.

आता कागद. मॉर्टनच्या जन्माचा सरकारी दाखलाच निघालेला नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये तसा दाखला घेण्याची सक्ती प्रत्यक्षात आली ती १९१४ नंतर. वडील एडवर्ड जोसेफ लामोथ, गवंडी. आई लुईझ हर्मान्स मोनेट, घरकाम करणारी. दोघेही क्रिओल, फ्रेंच बोलणाऱ्या मिश्रवर्णीय समाजातले. त्यांचे लग्न झालेले नव्हते आणि मुलगा लहान असतानाच वडील घर सोडून गेले. १८९४ मध्ये आईने विल्यम मूटन नावाच्या माणसाशी लग्न केले. मूटनचे इंग्रजी वळणाने झालेले रूप म्हणजे मॉर्टन.

त्यामुळे जन्माच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे बाप्तिस्मा. आपल्या हाती १९८४ मध्ये दिलेला दाखला आहे आणि तो चर्चच्या जुन्या नोंदीवरून तयार झालेला. त्यावर नाव ‘लेमॉट’ असे पडले आहे. उच्चाराबरहुकूम लिहिणाऱ्या नोंदकाराने लामोथचे लेमॉट करणे अगदी स्वाभाविक. हा दाखला मी चौघांत सर्वांत वर का ठेवतो? पहिले कारण काळाचे. बाप्तिस्मा बालवयातला विधी आहे, तेव्हा जन्मतारीख सांगणाऱ्या माणसांना ती आठवावी लागत नव्हती, मूल कडेवरच होते. दुसरे कारण हेतूचे. १८९१ च्या आसपास एका गवंड्याच्या पोराचे वय पाच वर्षांनी कमी करून कुणाला काय मिळणार होते? बाकीच्या तिन्ही तारखांमागे प्रौढ मॉर्टन, त्याचे ऐकत आलेली माणसे किंवा त्याच्या मरणानंतर माहिती देणारे कुणीतरी उभे आहे.

बहिणींची साक्ष इथे आड येते असे वाटेल. पण त्या दोघी मूटनपासून झालेल्या, म्हणजे आईच्या १८९४ च्या लग्नानंतरच्या. भावाच्या जन्माच्या त्या साक्षीदार असूच शकत नाहीत. त्यांनी तारीख घरात ऐकली आणि घरात ती कुणी सांगितली असेल हे उघड आहे. मृत्युदाखल्याची गंमत अशी की तो साल १८८९ देतो, म्हणजे मॉर्टनच्या आवडत्या सालापेक्षा बाप्तिस्म्याच्या सालाच्या कितीतरी जवळ. चारपैकी तीन तारखांत २० हा दिवस टिकून आहे. दिवस खरा राहिला आणि साल सरकत गेले, एवढे अनुमान यावरून करायला हरकत नाही. महिना ऑक्टोबरचा सप्टेंबर कसा झाला याला माझ्याकडे उत्तर नाही.

चौथा कागद, १९१८ चे नोंदणीपत्र, मला सर्वांत बोलका वाटतो. मॉर्टनने वय वाढवले ते हँडींशी भांडताना, स्वतःला जॅझचा जनक ठरवण्यासाठी, असे अनेक दिवस मानले जाई. पण नोंदणीपत्र त्या भांडणाच्या २० वर्षे आधीचे आहे. १९१८ मध्ये जॅझ कुणी काढला यावर भांडण नव्हते, हँडी त्याच्या वाटेत नव्हते, रिप्ली तर नव्हतेच. तरीही साल १८८४ लिहिले गेले आहे. म्हणजे वाढीव वय ही १९३८ ची बनावट नव्हे. ती त्याच्या तरुणपणापासून त्याच्याबरोबर होती.

मग वाढवले कशासाठी? इथून पुढे तर्क आहे आणि वाचकाने तो तर्क म्हणूनच घ्यावा. अमेरिकेत महायुद्धासाठीची पहिली नोंदणी ५ जून १९१७ ला झाली. तेव्हा २१ ते ३० वयाच्या पुरुषांना नाव देणे सक्तीचे होते. १८ ते ४५ वयाच्या उरलेल्या सर्वांसाठी नोंदणी झाली ती १२ सप्टेंबर १९१८ रोजी. १८९० खरे असेल तर जून १९१७ मध्ये मॉर्टन २६ वर्षांचा होता आणि त्याच वेळी त्याचे नाव लागायला हवे होते. १८८४ सांगितले की तो तेव्हा ३२ वर्षांचा ठरतो, पहिल्या नोंदणीच्या बाहेर पडतो आणि १९१८ मध्ये बिनबोभाट नाव देऊ शकतो. हे एक कारण असू शकते. दुसरे त्याहून जुने असावे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला रात्रीच्या धंद्यात शिरायचे असेल, जुगाऱ्यांच्या आणि मुरलेल्या पियानोवाल्यांच्या पंक्तीला बसायचे असेल, तर चार-पाच वर्षे वाढवून सांगणे ही गरज होती. एकदा सांगितलेले वय मग अंगाला चिकटले.

तो धंदा चालत होता स्टोरीव्हिलमध्ये. न्यू ऑर्लिन्सच्या नगरपरिषदेने १८९७ मध्ये ठराव करून वेश्याव्यवसायासाठी शहराचा एक भाग आखून दिला. ठराव मांडणाऱ्या सिडनी स्टोरी या सभासदाचे नाव लोकांनी त्या वस्तीला देऊन टाकले. नोव्हेंबर १९१७ मध्ये नौदलाच्या दबावाखाली वस्ती बंद झाली. मोठ्या कोठ्यांच्या दिवाणखान्यात पियानोवाला असे, त्याला पगार नसला तरी बक्षिसी भरपूर. मॉर्टनच्या सांगण्यानुसार तो तिथे वाजवू लागला तेव्हा पणजीकडे राहत होता आणि पिंपांच्या कारखान्यात रात्रपाळीचा राखणदार आहे असे त्याने तिला पटवले होते. खरे कळल्यावर तिने त्याला घराबाहेर काढले.

या गोष्टीला कागद असण्याची अपेक्षाच चूक आहे. कोठीतल्या पियानोवाल्याची नोंद कोण ठेवणार? पण तिची काळाशी सांगड घालता येते. आई १९०६ मध्ये वारली. मुलगा पणजीच्या छत्राखाली, रात्री बाहेर, हे चित्र त्या सालाच्या अलीकडे-पलीकडे चपखल बसते. तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा होता, असे बाप्तिस्म्याचा दाखला सांगतो. १८८५ धरले तर तो १९०६ मध्ये २१ वर्षांचा बाप्या होतो, आणि बाप्याला पणजीपासून पिंपांच्या कारखान्याची थाप लपवायची गरज पडत नाही. मॉर्टनची स्वतःची गोष्टच त्याच्या स्वतःच्या सालाविरुद्ध साक्ष देते. बखर तपासताना असा क्षण आला की हुरूप येतो.

आता उलट बाजू. वय पाच वर्षांनी कमी केल्यावर त्याने पाहिले-ऐकले म्हणून सांगितलेले काय काय टिकते? बडी बोल्डन हा कॉर्नेटवादक न्यू ऑर्लिन्सच्या सर्व जुन्या वादकांच्या तोंडी असलेला पहिला नायक. त्याच्या वादनाचे ध्वनिमुद्रण सापडलेले नाही. जून १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले गेले आणि तो पुन्हा बाहेर आला नाही. मॉर्टनने त्याला ऐकल्याचे सांगितले आणि त्याची म्हणून एक धून १९३८ मध्ये वाजवून-गाऊन दाखवली. १८९० च्या हिशेबानेही बोल्डन गेला तेव्हा मॉर्टन १६ वर्षांचा होता. शहरातल्या पोराने रस्त्यावरचा, बागेतला बँड ऐकायला ते वय पुरे आहे. जुलै १९०० मध्ये रॉबर्ट चार्ल्स या कृष्णवर्णीय माणसाने पोलिसांवर गोळ्या झाडल्यावर शहरात दंगल पेटली होती. त्याच्यावर गाणे झाले होते, आपल्याला ते येत होते पण विसरणेच बरे वाटले, असे मॉर्टन लोमॅक्सला सांगतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या कानावर असे गाणे पडणार आणि घरची माणसे त्याला गप्प करणार, यात अशक्य काही नाही. दोन्ही साक्षी टिकतात. १९०२ ची निर्मिती टिकत नाही.

१९०६-०७ नंतर मात्र जमीन पायाखालून जाते. मॉर्टनच्या सांगण्यात या वर्षांत गावेच गावे आहेत: आखाती किनाऱ्यावरचे बिलॉक्सी, मोबील, पेन्साकोला, मग मेम्फिस, सेंट लुई, टेक्सास. पियानो, बिलियर्डची टेबले, पत्ते, कधी तुरुंग. समकालीन कागद जवळपास नाही. फिरस्त्या, कृष्णवर्णीय, रात्री जगणाऱ्या माणसाचा माग ठेवणारी यंत्रणाच नव्हती. होती ती पोलिसांची, आणि त्यांना तो चुकवत होता.

या अंधारात एक दिवा बाहेरून लागतो. न्यूयॉर्कचा मोठा पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन याने उतारवयात टॉम डेव्हिनला दिलेल्या मुलाखतींत सांगितले की १९११ मध्ये, आपण शाळकरी असताना, हार्लेममधल्या बॅरन विल्किन्सच्या जागी आपण जेली रोल मॉर्टनला ‘जेली रोल ब्लूज’ वाजवताना ऐकले. त्याने मॉर्टनचे जे वर्णन केले ते विसरणे कठीण आहे. मॉर्टन पियानोजवळ आला की अंगातला लांब कोट काढी. कोटाचे अस्तर डोळ्यांत भरणारे. तो कोट उलटा करी आणि घडी न घालता, अस्तर वर राहील अशा बेताने, पियानोच्या माथ्यावर लांबच्या लांब पसरी. सावकाश, गंभीरपणे, जणू तो कोट लाखमोलाचा आहे. मग रेशमी रुमाल झटकून स्टूल पुसी, बसे, आणि ओळखीची खूण म्हणून ठेवलेला आपला स्वरमेळ एकदाच आपटी.

ही साक्ष किती वजनाची? जॉन्सनचा जन्म १८९४ चा, म्हणजे १९११ मध्ये तो १७ वर्षांचा. मुलाखती मात्र १९५० नंतरच्या, छापल्या गेल्या त्याच्या मृत्यूनंतर, आणि मध्यंतरी लोमॅक्सचे पुस्तक येऊन गेले होते. साल त्याने मागाहून जुळवले असण्याची शक्यता सोडता येत नाही. पण जॉन्सन स्वतः न्यूयॉर्कच्या पियानो-घराण्याचा बादशहा होता, मॉर्टनला मोठे करून त्याचा काही लाभ नव्हता. आणि कोटाच्या अस्तरासारखा तपशील पुस्तकातून येत नाही, तो डोळ्यांनी पाहावा लागतो. मी या साक्षीला ‘बहुतेक खरी’ या रकान्यात ठेवतो.

खात्रीची जमीन १९१४ ला लागते. इंडियानापोलिसहून निघणारे ‘फ्रीमन’ हे साप्ताहिक कृष्णवर्णीय रंगकर्मींचे वर्तमानपत्र होते. कोणता फड कुठल्या गावी आहे, कुणाचे काम कसे झाले, हे त्यात येई. फिरते कलाकार आपली पत्रेही या कचेरीत मागवत. संगीताचे इतिहासकार लॉरेन्स गुशी यांनी १९८५ मध्ये ‘अमेरिकन म्युझिक’ या नियतकालिकात मॉर्टनच्या सुरुवातीच्या कारकिर्दीची शकावली मांडली, तेव्हा असल्याच कागदांवर त्यांचा भर होता. ‘फ्रीमन’मध्ये ‘मॉर्टन अँड मॉर्टन’ ही व्हॉडव्हिलची जोडी भेटते. दुसरी मॉर्टन म्हणजे रोझा ब्राउन. तोंडाला काजळी फासून, विनोदी वेशात दोघांनी काढलेले छायाचित्रही शिल्लक आहे. १९१४ च्या परीक्षणात त्याच्या पियानोची तारीफ आहे: अभिजात संगीत आणि रॅग तो सारख्याच सहजतेने वाजवतो, आणि केवळ डाव्या हाताने एक अभिजात रचना वाजवून दाखवण्याचा त्याचा प्रयोग चांगला आहे.

या चार ओळींचे मोल मोठे आहे. एकतर हे त्याच दिवसांतले, परक्याने लिहिलेले आहे. दुसरे म्हणजे परीक्षकाची नजर नेमकी डाव्या हातावर गेली आहे. नऊ वर्षांनी केलेल्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मॉर्टनचा डावा हातच लक्ष वेधून घेतो. रॅगटाइममध्ये डावा हात बहुधा खालचा स्वर आणि वरचा स्वरमेळ यांच्यात घड्याळाच्या लंबकासारखा हलत राहतो. मॉर्टनचा डावा हात मध्येच सलग अष्टके धरून ट्रॉम्बोनसारखा चालून जातो, थांबतो, उलटा प्रश्न टाकतो. एका पियानोत अख्खा बँड असावा असा त्याचा आग्रह होता. ते १९१४ मध्ये पूर्ण तयार होते असे परीक्षणावरून म्हणता येणार नाही. पण डावा हात तेव्हाच वेगळा दिसत होता, एवढे म्हणता येईल.

पुढच्याच वर्षी छापील स्वरलेखन आले. १९१५ मध्ये शिकागोच्या विल रॉसिटर यांनी ‘जेली रोल ब्लूज’ प्रकाशित केले. छापून आलेली पहिली जॅझ-रचना म्हणून तिचा अनेकदा उल्लेख होतो. निदान छापील कागदावर मॉर्टन कधीपासून आहे हे इथे निर्विवाद ठरते, आणि हेही ठरते की कागदाच्या बाबतीत हँडी पुढे होते. त्यांचे ‘मेम्फिस ब्लूज’ १९१२ चे आणि ‘सेंट लुई ब्लूज’ १९१४ चे. मॉर्टनला हे बोचत होते. आपण रचना छापायला देत नसू, छापली की कुणीही वाजवणार, अशी कारणे तो देई. त्या काळच्या पियानोवाल्यांची ती रीत होती हे खरे. त्याच्या बाबतीत ती कितपत खरी होती हे तपासायला साधन नाही.

१९१७ ते १९२२ या पश्चिम किनाऱ्यावरच्या वर्षांवर इथे थांबत नाही. लॉस एंजेलिस, व्हँकुव्हरचे पॅट्रिशिया हॉटेल, सरहद्दीपलीकडचे तिवाना. सैन्यभरतीचे नोंदणीपत्र याच काळातले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की १९१७ मध्ये गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ची तबकडी निघाली आणि जॅझ हा शब्द घरोघरी गेला, तेव्हा मॉर्टन ध्वनिमुद्रणाच्या शहरांपासून हजारो मैल दूर होता. त्याची पहिली तबकडी सहा वर्षे उशिरा आली.

आपल्या कामाची कहाणी जुलै १९२३ ची. इंडियानातले रिचमंड हे छोटे औद्योगिक गाव, तिथल्या पियानोच्या कारखान्याची उपकंपनी गेनेट रेकॉर्ड्स. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता, गाडी आली की काम थांबवावे लागे. मायक्रोफोन अजून यायचा होता. भिंतीतून पुढे आलेल्या कर्ण्यासमोर वाजवायचे आणि पलीकडे सुई मेणात चर कोरत जाणार, तीन मिनिटांत सगळे आटोपले पाहिजे. १७ आणि १८ जुलैला मॉर्टनने ‘न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज’ या गोऱ्या वादकांच्या बँडबरोबर वाजवले. काळे-गोरे एकत्र बसून ध्वनिमुद्रण करण्याचा तो फार सुरुवातीचा प्रसंग. आणि एकट्याने सहा रचना दिल्या: ‘किंग पोर्टर स्टॉम्प’, ‘न्यू ऑर्लिन्स जॉइज’, ‘ग्रँडपाज स्पेल्स’, ‘कॅन्सस सिटी स्टॉम्प’, ‘वुल्व्हरीन ब्लूज’ आणि ‘द पर्ल्स’.

ज्याला मॉर्टनच्या दाव्यांची खरी परीक्षा घ्यायची त्याने या सहा बाजू ऐकाव्यात. हे दोन दिवसांत सुचलेले संगीत नाही. प्रत्येक रचनेत तीन-चार स्वतंत्र भाग, त्यांच्या जोडावरच्या पुलांसारख्या ओळी, पुनरावृत्तीत मुद्दाम केलेले फरक, सगळे घासूनपुसून झालेले. ‘न्यू ऑर्लिन्स जॉइज’मध्ये डाव्या हातात क्यूबाच्या हबानेरा नृत्याचा ताल चालू आहे आणि उजवा हात वर मोकळा ब्लूज गातो. पंधरा वर्षांनी लोमॅक्ससमोर मॉर्टन सांगणार होता की ही स्पॅनिश छटा नसेल तर जॅझला चव येत नाही. ते तत्त्वज्ञान १९३८ मध्ये तयार केलेले नव्हते, १९२३ च्या मेणावर ते वाजलेले आहे. ‘किंग पोर्टर’ची १९२३ ची आणि १९३८ ची बाजू शेजारी ठेवली की सांगाडा तोच सापडतो. माणूस साले विसरत होता, रचना विसरत नव्हता.

आता पाच वर्षांच्या हिशेबाकडे परत येतो आणि एक अनुमान मांडतो. समजा, मॉर्टनला घटना आठवत होत्या त्या वयाच्या खुणेने: ‘मी १७ चा होतो तेव्हा’, ‘विशीत होतो तेव्हा’. सगळ्यांचेच तसे असते. आणि साल विचारले की तो ते वय आपल्या जाहीर जन्मसालात, १८८५ मध्ये, मिळवत होता. तसे असेल तर त्याच्या सगळ्या तारखा एकाच अंतराने सरकलेल्या असतील आणि त्या पाच वर्षांनी पुढे ढकलल्या की खऱ्या जागी बसतील. जॅझचे १९०२ होते १९०७: वय १६-१७, न्यू ऑर्लिन्सचा मुक्काम संपत आलेला, वाजवणे पक्के झालेले. ‘जेली रोल ब्लूज’ आपण १९०५ मध्ये रचले असे तो सांगे, ते होते १९१०. आणि जॉन्सनने ते ऐकले १९११ मध्ये. ‘किंग पोर्टर स्टॉम्प’साठी तो १९०५-०६ सांगे, ते येते १९१०-११ वर, किनाऱ्यावरच्या भटकंतीच्या काळात, आणि ज्याच्या नावाने ती रचना आहे तो पोर्टर किंग हा त्याला त्याच भागात भेटलेला पियानोवादक.

हे इतके नीट बसते की सावध व्हायला हवे. अनुमान खरे की खोटे हे ठरवायला एक कसोटी आहे: मॉर्टनने ज्या गोष्टी सार्वजनिक घटनेला बांधून सांगितल्या, त्या सरकवता येत नाहीत. अशी एक गोष्ट आहे. सेंट लुईच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनात पियानोवादकांची स्पर्धा होती, आपण जाणार होतो, पण टोनी जॅक्सन तिथे असेल आणि बक्षीस तोच नेईल या समजुतीने गेलो नाही, असे तो सांगतो. टोनी जॅक्सन हा न्यू ऑर्लिन्सचा गायक-वादक. मॉर्टनने ज्याला स्वतःहून वरचा मानले असा बहुधा एकटाच. प्रदर्शन १९०४ मध्येच झाले, ते १९०९ मध्ये नेता येत नाही. आणि १९०४ मध्ये मॉर्टन १३ वर्षांचा होता. तेरा वर्षांचा मुलगा देशपातळीवरच्या स्पर्धेचा विचार करत होता, हे पटत नाही. थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्याने पुढे स्वतःभोवती गुंफली, हे जास्त संभवते. म्हणजे त्याच्या सांगण्यात दोन प्रकारच्या चुका मिसळल्या आहेत. एक हिशेबाची, जी पाच वर्षे मिळवून सुधारता येते. दुसरी ऐकीव गोष्ट आपली करण्याची, जिला गणिताचा उपाय नाही.

तेव्हा दाव्याबाबत आज इतके म्हणता येते. १९०२ बाद. १९१५ पक्के, छापील. १९१४ पक्के, परक्याच्या लेखणीतून. १९११ बहुतेक खरे, जॉन्सनच्या शब्दावर. १९०७ ते १९११ ही चार वर्षे, ज्यांत मॉर्टन कोठीतल्या पोराचा पियानोवादक झाला आणि ‘किंग पोर्टर’सारखी रचना बहुधा हाताला आली, ती अजून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर उभी आहेत. त्यांच्यासाठी गुशींनी दाखवलेलीच वाट धरावी लागेल: मोबील, पेन्साकोला, मेम्फिस या गावांची त्या सालांची वर्तमानपत्रे, नाटकगृहांच्या जाहिराती, पोलीस न्यायालयांच्या नोंदवह्या, आणि त्यांत मॉर्टन, मूटन, लामोथ, लेमॉट या चारही नावांचा शोध.